एकशे पंचाहत्तर पौंड

कॅम्डनमध्ये, नदीच्या अलीकडे,
मंगळवार-गुरुवार-शनिवार पहाटे साडेपाचला
आधी वजन होतं.
लेम्युएल गुडविन बूट काढतो, टोपीही काढतो,
काट्यावर चढतो,
आणि इफुआ, खास त्याच्यासाठी, किलोचे पौंड करून
आकडा मोठ्यानं वाचते
जणू खाली वार्ताहर बसलेत.

मग खुर्ची क्रमांक चार.
पाचात कॅझिमिर वोइटानेक,
जन्मभर साखर कारखान्यात पोती उचललेला.
डाव्या दंडात सुया, अंगावर घोंगडी,
उजवा हात मोकळा, वादासाठी.
चार तास यंत्र दोघांचं रक्त धुतं.
चार तासांत पंधरा फेऱ्या सहज होतात
आणि वर भांडायला वेळ उरतो.

लाइट हेवीवेट. ना धड हलकं, ना धड भारी,
गोदीवरची, गिरणीतली
निम्मी माणसं याच वजनाची असायची.
रॉस्को टिलरी, एकाहत्तर सालचा,
विरुद्ध आन्सेल ब्रॉडनॅक्स, चोपन्न सालचा.
ही लढत झाली नाही. टिलरी शाळेत होता
तेव्हा ब्रॉडनॅक्सच्या डोळ्याचा पडदा सुटला होता.

"टिलरी नवव्या फेरीत संपवतो. तो डावा हूक, बरगडीखाली."
"आधी जवळ तर येऊ दे. ब्रॉडनॅक्सचा जॅब म्हणजे
तोंडावर लावलेलं दार."
"हनुवटी काचेची होती तुझ्या माणसाची."
"असू दे. हात कुणाचा लागला?"
"ग्लोव्ह्ज सहा औंसांचे की आठ?"
"रेफरी कोण?"
यावर एक अख्खा गुरुवार गेला.

आत्याबाईला मिशा असत्या तर, म्हणेल कुणी.
म्हणू दे.
क्रियापदाला 'असता' लागलं की वय गळून पडतं.
ब्रॉडनॅक्सला पुरून एकोणीस वर्षं झाली,
तिथे तो अजून दोरीवरच्या उड्या मारतोय.
टिलरीला न्यूअर्कच्या वृद्धाश्रमात चमच्यानं भरवतात,
तिथे त्याला स्वतःचं नाव आठवतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, बाहेर बर्फ,
कॅझिमिर म्हणाला, "ऐन भर म्हणजे नक्की कधी, ते तरी ठरव.
किताब जिंकला ती रात्र?"
चार नंबरचं यंत्र पिपाणीसारखं वाजलं.
इफुआनं येऊन नळी सरळ केली, गेली.

"नाही," लेम्युएल म्हणाला. "मार्चमधला एक मंगळवार.
फेडरल स्ट्रीटवरची जिम. तिकीट नाही, घंटा नाही,
अंडी उकडायचं घड्याळ लावलेलं.
समोर पाच डॉलर रोजावरचा एक पोरगा, एकोणीस वर्षांचा,
त्याला वाटायचं आपल्या हातात काहीतरी आहे.
तीन मिनिटं ब्रॉडनॅक्सनं त्याला मारलंच नाही.
नुसतं दाखवलं.
ग्लोव्ह गालाला टेकवायचा, परत न्यायचा.
इथे मारता आलं असतं. इथे. आणि इथे.
पोरानं पट्ट्या सोडल्या आणि तसाच
बस कंपनीच्या ऑफिसात गेला.
छत्तीस वर्षं चालवली बस."

सहा वर्षं शेजारी बसून
हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

कॅझिमिर दंडावरच्या चिकटपट्टीकडे बघत राहिला.
नळीतून त्याचं रक्त जात होतं, येत होतं.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"बरं. तो मंगळवारचा ब्रॉडनॅक्स असेल तर,"
घोंगडी गळ्यापर्यंत ओढली,
"टिलरी अकराव्या फेरीत."

"बाराव्या," लेम्युएल म्हणाला.
"अकराव्या. त्याच्या पुढे एक सेकंद देणार नाही."

सुया निघाल्या, बोळे दाबून झाले.
उतरताना पुन्हा वजन.
लेम्युएल कोट चढवून, घाईत, काट्यावर उभा.
इफुआ वाकून बघते,
"एकशे पंचाहत्तर. आणि वर जरासं."

"टोपी," पाच नंबरवरून कॅझिमिर ओरडतो,
"अरे, टोपी काढ!"